सकाळचे नऊ, चॅनल सात: रीजिस फिल्बिनच्या कार्यक्रमाच्या आठवणी

क्वीन्सची_मावशी:

बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसले. १९८५ च्या ऑगस्टमध्ये मी लग्न होऊन दादरहून थेट न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये आले. हे सकाळी साडेसातला कामावर जायचे. मग दिवसभर मी, चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि मागच्या भाडेकरूने सोडून गेलेला एक टीव्ही.

सकाळी टीव्ही लावायची सवयच नव्हती. आपल्याकडे टीव्ही दिवेलागणीनंतरचा. सकाळ रेडिओची: मंगल प्रभात, मग सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, की आईची हाक आलीच, 'अगं, डबा झाला का भरून?' त्यामुळे सकाळी नऊ वाजता पडदा उजळलेला बघणं मला पहिले काही दिवस चक्क अपराधासारखं वाटायचं.

चॅनल सात, म्हणजे एबीसी नेटवर्कचं न्यूयॉर्कचं स्टेशन, त्यावर तेव्हा 'द मॉर्निंग शो' लागायचा. फक्त न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागासाठी. उंच खुर्च्यांवर दोन माणसं, पुढ्यात कॉफीचे मग. पाहुणे नंतर यायचे. आधी पंधरा-वीस मिनिटं हे दोघे नुसतं बोलायचे. काल रात्री कुठे जेवलो, कोणाशी वाद झाला, पेपरात काय आलंय. रीजिस फिल्बिन एखादं कात्रण हातात धरायचा, वाचता वाचता चिडायचा, आवाज चढत चढत पार टिपेला जायचा. शेजारी कॅथी ली, तेव्हाची कॅथी ली जॉन्सन, त्याला मध्येच तोडायची. ती तिथे माझ्या दोनच महिने आधी आलेली. हे मला नंतर कळलं, पण तेव्हापासून मी तिला माझ्या बॅचची समजते.

शब्द कळायचे, पण हसायचं कुठे ते कळायचं नाही. प्रेक्षक हसले की मी दचकायचे. डिसेंबरात एकदा मी त्यांच्या आधी हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात कणकेचे होते. त्या क्षणी वाटलं की आता जमेल इथे राहायला. अमेरिकेत मी इंग्रजी शिकले नाही, ते येतच होतं. मी शिकले अमेरिकन गप्पा, आणि त्या या दोघांनी शिकवल्या.

या कार्यक्रमाचा इतिहास मराठीत कुठेच वाचला नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा. आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे त्या वर्षांत आलेल्यांपैकी अजून कोणी सकाळी नऊला हे बघायचं का?

---

जुना_प्रेक्षक:

मावशी, मी बघायचो. रात्रपाळी करून घरी यायचो, हे दोघे बोलत असायचे आणि मी जेवायचो.

इतिहास थोडा सांगतो. रीजिस न्यूयॉर्कचाच, ब्राँक्समध्ये वाढलेला. जन्म ऑगस्ट १९३१ चा. नोटर डेम विद्यापीठ, मग नौदल, मग टीव्हीत अगदी तळापासून सुरुवात. सगळ्या देशाला तो दिसला १९६७ मध्ये, जोई बिशपच्या रात्रीच्या कार्यक्रमात, पण दुय्यम जागी. मुख्य माणसाने विनोद करायचा आणि याने दाद द्यायची. एकदा तर चालू कार्यक्रमातून तो उठून निघून गेला होता, मग परत आला. १९६९ मध्ये तो कार्यक्रमच बंद पडला. पुढे १९७५ पासून लॉस एंजेलिसला 'ए.एम. लॉस एंजेलिस' हा सकाळचा स्थानिक कार्यक्रम त्याने गाजवला. तिथून १९८१ मध्ये एनबीसी नेटवर्कने त्याला देशभर नेलं, तेही काही महिन्यांत आटोपलं.

म्हणजे ४ एप्रिल १९८३ ला चॅनल सातवर 'द मॉर्निंग शो' सुरू झाला तेव्हा हा एक्कावन्न वर्षांचा, दोनदा आपटलेला माणूस आपल्या गावी परत आला होता. सोबत सिंडी गार्वी. लॉस एंजेलिसलाही तीच त्याच्यासोबत असायची. १९८४ मध्ये ती गेली, मग काही काळ अॅन अॅबरनेथी, आणि १९८५ च्या जूनमध्ये कॅथी ली.

सकाळी नऊलाच का, तर सात ते नऊ हा वेळ नेटवर्कचा, म्हणजे देशभर एकच कार्यक्रम. राष्ट्रीय बातम्या, हवामान, मुलाखती. नऊ वाजले की तास स्थानिक स्टेशनच्या हाती. त्यात जुनी मालिका दाखवा नाहीतर स्वतःचं काही करा. स्वतःचं करायचं तर सगळ्यात स्वस्त काय? दोन खुर्च्या, दोन माणसं आणि आजचा पेपर. एबीसीच्या स्वतःच्या स्टेशनांवर म्हणूनच 'ए.एम.' नावाचे कार्यक्रम निघाले होते. लॉस एंजेलिसला एक, शिकागोला एक, आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कलाही होता. रीजिस आला तो त्याच तासात.

---

शिकागोची_काकू:

शिकागोचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडचा 'ए.एम. शिकागो' अगदी डबघाईला आलेला होता, कारण समोर डॉनह्यूचा गप्पांचा कार्यक्रम. फिल डॉनह्यूही मूळचा स्थानिकच बरं का. १९६७ मध्ये ओहायोतल्या डेटनच्या एका स्टेशनवर त्याने सुरुवात केली. माईक घेऊन प्रेक्षकांत फिरायचं हे त्याने रूढ केलं. १९७४ मध्ये तो शिकागोला आला आणि सकाळ त्याचीच झाली.

२ जानेवारी १९८४ ला 'ए.एम. शिकागो'वर बाल्टिमोरहून आलेली एक मुलगी बसली. ओप्रा विन्फ्री. एका महिन्यात तिने डॉनह्यूला गाठलं. त्या वर्षी हिवाळा भयंकर होता, आम्ही बायका घरात कोंडलेल्या. एकमेकींना फोन करून सांगायचो, 'सात नंबर लाव, लवकर लाव.' वर्षभरात डॉनह्यूने मुक्काम न्यूयॉर्कला हलवला. ८ सप्टेंबर १९८६ ला ओप्रा देशभर दिसायला लागली, पण आम्हाला ती आमच्या गल्लीतली वाटायची ती त्या पहिल्या अडीच वर्षांमुळे.

मावशी, तुमचं कणकेच्या हाताचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

एडिसनकर:

धागा छान आहे. पण एक मनापासून विचारतो. मी नव्वदनंतर आलो, आणि मला हा कार्यक्रम कधीच आवडला नाही. वीस मिनिटं कोण कुठे जेवलं याच्या गप्पा. त्याच वेळात दुसरीकडे लोक गंभीर विषयांवर बोलत होते. यात ऐतिहासिक असं काय आहे? एकटेपणात सोबत झाली हे समजू शकतो. पण सोबत तर कोणत्याही कार्यक्रमाची झाली असती.

---

निवेदक_न्यूजर्सी:

एडिसनकर, तुमचा प्रश्न योग्य आहे. उत्तर माझ्या कामातून देतो.

मी गेली पंचवीस वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. गणपती, दिवाळी, संक्रांत. सुरुवातीला सगळं लिहून, पाठ करून जायचो. सहनिवेदिकेबरोबर तालीम व्हायची. 'मी हे म्हणेन, मग तू हसशील.' आणि दर वेळी ते हसू खोटं निघायचं. तिसऱ्या रांगेतल्या आजींनासुद्धा ते कळायचं.

रीजिसचा दंडक उलटा होता. कार्यक्रमाआधी सहकारी निवेदिकेशी बोलायचंच नाही. जे बोलायचं ते कॅमेरा सुरू झाल्यावर, पहिल्यांदा. म्हणजे कॅथी लीच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं असायचं, कारण ती गोष्ट तिने खरोखर त्याच क्षणी ऐकलेली असायची. हे सोपं वाटतं. रंगमंचावर शेजारचा माणूस पुढे काय बोलणार हे ठाऊक नसताना पाच मिनिटं उभं राहून बघा, पोटात गोळा येतो. हे दोघे तसं रोज, थेट प्रक्षेपणात, वीस मिनिटं करायचे.

आणखी एक बारीक गोष्ट. त्याचं कात्रण. पेपर तो नुसता वाचून दाखवायचा नाही, चार ओळी वाचायच्या, कागद खाली करायचा आणि तिच्याकडे बघायचं. पुढचं तिने उचलायचं. ती नाही बोलली तर तो कॅमेऱ्यामागे उभ्या निर्मात्याला हाक मारायचा, 'गेलमन!' मायकेल गेलमन बहुधा पडद्याबाहेर, पण रोज हजर. दोघांच्या संभाषणाला असा तिसरा कोपरा मिळायचा. मी हे बघून बघून आमच्या साउंडवाल्या काकांना हाक मारायला लागलो, आणि सभागृह पहिल्यांदा मोकळेपणी हसलं. तेव्हापासून लिहून नेणं बंद.

म्हणून म्हणतो, विषय हलका असेल, काम हलकं नव्हतं.

---

एडिसनकर:

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता जुने भाग मिळाले तर त्या नजरेने बघतो.

---

जुना_प्रेक्षक:

निवेदकसाहेब, तालीम नसण्याबद्दल अगदी बरोबर.

पुढचं सांगतो. ५ सप्टेंबर १९८८ पासून तो कार्यक्रम देशभर गेला आणि नाव झालं 'लाइव्ह विथ रीजिस अँड कॅथी ली'. इथे एक फरक ध्यानात घ्या. तो एबीसी नेटवर्कचा कार्यक्रम झाला नाही. शहराशहरातल्या स्टेशनांना तो वेगवेगळा विकला गेला आणि निर्मिती चॅनल सातचीच राहिली, ती आजही आहे. त्यामुळे बोलणं न्यूयॉर्कचंच राहिलं. इथला पाऊस, इथली रहदारी, इथली हॉटेलं. आयोवातली बाईसुद्धा सकाळी कोलंबस अव्हेन्यूवर बर्फ किती पडलाय ते ऐकायची. माझ्या मते तो चालला तो यामुळेच. सगळ्यांना आवडावं म्हणून त्याने गाव पुसून टाकलं नाही.

---

क्वीन्सची_मावशी:

कोलंबस अव्हेन्यू! मी तिथे गेलेय. तिकीट फुकट, पण पोस्टकार्ड टाकून महिनोन्‌महिने वाट बघायची. आमचं कार्ड कुठे गेलं देव जाणे, उत्तर आलंच नाही. मग १९८९ च्या मार्चमध्ये मी आणि शेजारची गुजराती मैत्रीण, सदुसष्टाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आयत्या वेळच्या रांगेत पहाटे सहाला जाऊन उभ्या. साडीवर लोकरीचा कोट, पायात बर्फाचे बूट. आमच्यापुढे पेनसिल्वेनियाहून आलेल्या तीन बहिणी होत्या, त्यांनी त्यांच्या थर्मासमधली कॉफी दिली, आम्ही त्यांना मेथीचे ठेपले.

आत घेतलं. स्टुडिओ इतका लहान की मला वाटलं ही बाहेरची खोली असेल. टीव्हीवर जे घर वाटायचं ते म्हणजे दिव्यांखाली मांडलेला एक कोपरा. जाहिरात लागली की रीजिस उठून प्रेक्षकांपाशी यायचा. आमच्याकडे बघून त्याने विचारलं, कुठून आलात. मैत्रीण म्हणाली इंडिया, आणि मी त्याच वेळी म्हणाले क्वीन्स. तो माझ्याकडे वळून हसला.

त्या दिवशी माझ्या तोंडून क्वीन्स का निघालं याचा मी पुढे कित्येक दिवस विचार करत होते.

---

ठाणेकर_सध्या_इथेच:

मी कधीच अमेरिकेत गेलो नाही, पण हा माणूस मला माहीत आहे! 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर'ची अमेरिकन आवृत्ती ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा सूत्रसंचालक रीजिस फिल्बिन. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ चा. आपल्याकडे ३ जुलै २००० ला अमिताभ बच्चन त्याच प्रकारच्या खुर्चीवर बसले. आमच्या चाळीत त्या वेळेला जिन्यात माणूस दिसायचं नाही. पुढे २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी 'कोण होईल मराठी करोडपती' केलं.

बहिणीने अमेरिकेहून कॅसेट पाठवली होती त्यात रीजिसला पाहिलं. शर्ट आणि टाय एकाच रंगाचे. तो सकाळी गप्पांचाही कार्यक्रम करतो हे या धाग्यावर कळलं.

---

जुना_प्रेक्षक:

सकाळी गप्पा आणि संध्याकाळी करोडपती, दोन्ही एकाच वेळी. वय अडुसष्ट. कॅमेऱ्यासमोर सर्वाधिक तास घालवल्याचा गिनेसचा विक्रमही त्याच्या नावावर होता, १६,७०० तासांहून जास्त. त्यातले बहुतेक तास सकाळचे.

---

वाचनवेडी:

कॅथी लीबद्दल एवढं प्रेमाने लिहिलंय सगळ्यांनी, पण १९९६ चं प्रकरण विसरू नये. तिच्या नावाने विकले जाणारे कपडे होंडुरासमध्ये लहान मुली शिवत होत्या, असा आरोप कामगार हक्कांच्या कार्यकर्त्यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे केला. ती याच कार्यक्रमात, याच खुर्चीवरून रडत बोलली. पहिल्या दिवशी तिचा सूर स्वतःच्या बचावाचा होता आणि मला तो खुपला. त्या खुर्चीवरून रोज मुलाच्या, कोडीच्या गोष्टी सांगायच्या आणि तिथूनच हे, ते मनाला पटेना. नंतर मात्र ती कामगारमंत्र्यांबरोबर या प्रश्नावर जाहीरपणे उभी राहिली, हेही सांगायला हवं. माझे वडील गिरणीत होते, म्हणून हे माझ्या जास्त लक्षात राहिलं असेल.

---

क्वीन्सची_मावशी:

वाचनवेडी ताई, बरं झालं लिहिलंत. मला तो दिवस आठवतो. मीही त्या वेळी टीव्ही बंद केला होता.

---

पार्सिपनीहून:

सगळे कॅथी ली म्हणताहेत, माझ्या पिढीची केली रिपा. कॅथी ली २८ जुलै २००० ला गेली. मग काही महिने रोज नवीन कोणी शेजारी बसायचं, कधी रीजिसची बायको जॉयसुद्धा. ५ फेब्रुवारी २००१ ला केलीचं नाव जाहीर झालं. ती 'ऑल माय चिल्ड्रेन' या दुपारच्या मालिकेतली नटी. मालिका सोडायच्या आधी ती दोन्ही करत होती, सकाळी थेट गप्पा आणि मग चित्रीकरण. तीसेक वर्षांची मुलगी आणि सत्तरीतला माणूस. तिने त्याचा मान ठेवला, पण त्याला घाबरली नाही.

मार्च २००७ मध्ये रीजिसने कार्यक्रमातच सांगितलं की हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात, बायपास करायची आहे. आमच्या घरी तेव्हा सासरे आलेले होते. त्यांनाही डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं आणि ते ऐकायला तयार नव्हते. 'मला पुण्याला जाऊ द्या, जे व्हायचं ते तिथे होऊ दे.' ते माझ्याबरोबर रोज नऊला बसायचे, इंग्रजी अर्धं कळायचं. रीजिस नव्हता तितके दिवस रोज विचारायचे, 'आला का गं तो म्हातारा?' एप्रिलअखेर तो परत आला, थोडा वाळलेला, आवाज तोच. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तारीख घ्या माझी.' त्यानंतर ते अकरा वर्षं होते.

---

जुना_प्रेक्षक:

बाकीचं पटकन. १८ नोव्हेंबर २०११ ला रीजिसने निरोप घेतला. त्याच्या जागी सप्टेंबर २०१२ ला मायकेल स्ट्रेहन आला, न्यूयॉर्क जायंट्सचा माजी फुटबॉलपटू. जायंट्सचं आणि या कार्यक्रमाचं नातं जुनंच, कॅथी लीचे यजमान फ्रँक गिफर्डही जायंट्सचेच. २०१६ च्या मे महिन्यात स्ट्रेहन गेला, १ मे २०१७ पासून रायन सीक्रेस्ट, आणि १७ एप्रिल २०२३ पासून केलीचा नवरा मार्क कॉन्सुएलोस. हे दोघे भेटले त्या 'ऑल माय चिल्ड्रेन'मध्येच.

---

पार्सिपनीहून:

स्ट्रेहनचं इतक्या पटकन नको दादा! तो एबीसी नेटवर्कच्या सकाळच्या 'गुड मॉर्निंग अमेरिका'त जाणार हे केलीला जवळजवळ जगाबरोबरच कळलं. काही दिवस ती आलीच नाही. २६ एप्रिलला आली आणि थेट प्रेक्षकांशी बोलली, कामाच्या ठिकाणच्या सन्मानाबद्दल. मी त्याच महिन्यात नोकरीत असंच काहीसं सोसलं होतं. माझ्या जागी कोण येणार हे मला बाहेरून कळलं. त्या सकाळी मी गाडी पार्किंगमध्ये लावून फोनवर ती तीन मिनिटं पुन्हा पुन्हा बघितली आणि मग वर गेले.

---

निवेदक_न्यूजर्सी:

ती सकाळ मीही पाहिली. माझ्या दृष्टीने आणखी अवघड पुढचे दिवस. त्यानंतरही दोघे शेजारी बसून बोलतच होते. शब्द तेच, कॉफीचे मग तेच, पण कात्रण उचलणारा हात नव्हता. नवरा-बायकोच्या जोडीबद्दल मला आधी शंका होती. ज्यांचं रात्रीचं जेवण एका टेबलावर होतं त्यांना सकाळी सांगण्यासारखं काय उरणार? पण मार्क तिची गोष्ट मध्येच अडवतो, 'असं झालं नव्हतं,' म्हणतो, आणि एकाच रात्रीच्या दोन गोष्टी होतात. प्रत्येक घरातलं हे आहे.

---

शिकागोची_काकू:

रीजिस २४ जुलै २०२० ला गेले. करोनाचे दिवस, घरात बसून होतो. कोणाला भेटायची सोय नाही. त्या दिवशी मी आणि लेक फोनवर ओप्रा, डॉनह्यू, रीजिस, असं सगळं आठवत दोन तास बोललो.

मावशी, तुमच्या १९८९ च्या भेटीचा भाग तुम्ही रेकॉर्ड केला होता का? व्हीएचएस कॅसेट असेल तर दमट जागी ठेवू नका. आणि घाईने लावून बघू नका, टेप चिकटलेली असू शकते. चांगल्या ठिकाणी देऊन डिजिटल करून घ्या. आमच्या लेकीच्या बारशाची कॅसेट घाईत लावली आणि तुटली.

---

क्वीन्सची_मावशी:

काकू, तुमचं वाचून काल रात्री तळघरात गेले. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, त्यानंतर ती खोकी उघडली नव्हती. मला वाटत होतं त्या दिवशी घरी कोणी नव्हतं, कोण रेकॉर्ड करणार. हे तर कामावर.

तिसऱ्या खोक्यात, मुलीच्या बालवाडीच्या कॅसेटखाली सापडली. त्यांनी आदल्या रात्री टायमर लावून ठेवला होता आणि मला सांगितलं नव्हतं. लेबलवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: 'चॅनल ७, सकाळी ९. हिची आहे. पुसू नये.'

सोमवारी लेक येतेय. तिच्याबरोबर जाऊन देईन.